बाळाची झोप: पहिल्या दीड वर्षात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळांसाठी आहेत. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल तर झोपेचा हिशेब डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून करा. दोन महिने आधी आलेलं बाळ वाढदिवसाने सहा महिन्यांचं असलं, तरी झोपेच्या बाबतीत ते चार महिन्यांचंच असतं.

बाळाने दिवसाकाठी किती तास झोपायला हवं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेले आकडे असे: ३ महिन्यांपर्यंत १४ ते १७ तास, ४ ते ११ महिने १२ ते १६ तास, १ ते २ वर्षं ११ ते १४ तास. यात दिवसाची झोपही धरली आहे. दोन टोकांमध्ये तीन-चार तासांचं अंतर आहे, म्हणजे दोन निरोगी बाळांमध्येही एवढा फरक पडू शकतो. शेजारच्या बाळाशी तुलना करण्यापेक्षा आपलं बाळ जागं असताना टवटवीत असतं का आणि त्याचं वजन वाढतंय का, हे पाहा. पहिल्या तीन महिन्यांत रात्री सलग चार तास मिळाले तरी ते चांगलंच म्हणायचं.

झोपेत सारखं हलतं, कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं. झोप लागत नाहीये का?

लागली आहे. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप अशीच चळवळी असते. डोळे पापण्यांखाली फिरतात, श्वास मधेच जलद आणि मधेच संथ होतो, हातपाय झटकले जातात. बाळ झोपेत हसलं की आजी म्हणते सटवाई हसवतेय. ती हीच झोप. गडबड इथे होते की कण्हण्याचा आवाज आला की घरातलं कुणीतरी बाळाला लगेच उचलतं, आणि झोपलेलं बाळ त्यामुळे खरोखर जागं होतं. मिनिटभर थांबा, डोळे उघडलेत का ते पाहा. रडणं वाढत गेलं तरच उचला.

दिवसा गाढ झोपतं आणि रात्री बारा ते चार टक्क जागं. दिवस-रात्र सरळ कशी करायची?

पोटात असताना अंधार-उजेडाचं ज्ञान बाळाला आईकडून मिळत असतं. स्वतःचं घड्याळ चालू व्हायला, म्हणजे रात्री मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक वाढायला, दोन ते तीन महिने लागतात. तोवर उलटी पाळी सहज होते. ती लवकर सरळ करायला तीन गोष्टी पुरतात.

सकाळी रोज साधारण एकाच वेळी पडदे उघडा आणि बाळाला उजेडात आणा, थेट कडक उन्हात नव्हे. बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर अंधार ठेवायची पद्धत इथे आड येते. दिवसा घरातले नेहमीचे आवाज होऊ द्या. बाळ झोपलंय म्हणून कुकरची शिट्टी थांबवायची गरज नाही. आणि रात्री पाजताना मोठा दिवा लावू नका, मंद पिवळा दिवा पुरतो. बोलणं नाही, खेळवणं नाही, मोबाईल नाही. शी झाली असेल किंवा डायपर जड झाला असेल तरच बदला. पाजा, ढेकर काढा, परत ठेवा. रात्र कंटाळवाणी असते हे बाळाला कळायला हवं.

मालीश-आंघोळीनंतर चार तास झोपतं. उठवायचं का?

आपल्याकडे मालीशवाली बाई नऊ-दहाला येते. तेल, कडक पाण्याची आंघोळ, मग दुपट्यात घट्ट गुंडाळणं, आणि बाळ थेट दुपारी दोनला उठतं. घरातल्यांना तेवढीच उसंत मिळते, पण रात्रीच्या जागरणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, जन्मवजन भरून येईपर्यंत, दिवसा तीन तासांहून अधिक उपाशी झोपू देऊ नका. नवजात बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं असतं. दिवसा चुकलेलं दूध ते रात्री मागतं. पुढेही दोन-अडीच तासांनी हलकेच उठवा: दुपटं सोडा, पावलं चोळा, डायपर बदला. आंघोळीचं पाणी आपल्या कोपराला कोमट लागेल इतकंच हवं. बाई सकाळीच येणार असेल तर येऊ द्या; संध्याकाळी ओल्या फडक्याने अंग पुसून, सैल सुती कपडे घालून झोपेची तयारी वेगळी करता येते.

उताणं झोपवलं तर उलटीतलं दूध श्वासनलिकेत जाणार नाही का?

ही भीती सगळ्यात जास्त असते आणि शरीररचना नेमकं उलट सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला चढ चढावा लागतो. ते खाली परततं किंवा तोंडाच्या कडेने बाहेर येतं. पालथं झोपवलं की श्वासनलिका खाली जाते आणि तेच दूध तिच्या तोंडाशी साचतं. कुशीवर ठेवलेलं बाळ झोपेत सहज पालथं होतं, म्हणून कुशीचाही भरवसा नाही.

झोपेत अचानक होणारे बालमृत्यू सर्वाधिक २ ते ४ महिन्यांच्या वयात होतात आणि पालथं झोपवणं हे त्यातलं मोठं कारण आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली पालथं झोपवू नका असं सांगितलं, आणि पुढच्या वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्यावर आले. त्यामुळे वर्षभर, रात्री आणि दिवसाही, झोपवताना उताणंच ठेवा. बाळ दोन्ही बाजूंनी स्वतः वळायला लागलं की ठेवताना उताणं ठेवायचं. नंतर ते आपलं आपण वळलं तर सरळ करत बसायची गरज नाही.

दूध वर येतं म्हणून डोक्याखाली उशी देऊन उतार करू नका. मान पुढे वाकते आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो. पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटं खांद्यावर उभं धरणं पुरतं.

मग डोकं मागून चपटं होईल. मोहरीची उशी द्यावी का?

नको. मोहरीची असो वा मधे खळगा असलेली तयार उशी, पहिल्या वर्षात बाळाच्या बिछान्यात उशीच नको. डोकं गोल ठेवायचं तर जागेपणी पालथं खेळवा: पहिल्या आठवड्यापासून दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळं मिळून अर्ध्या तासाच्या पुढे. एक दिवस उशाकडे तर दुसऱ्या दिवशी पायथ्याकडे डोकं ठेवून झोपवा, म्हणजे उजेडाकडे बघायला बाळ दुसऱ्या बाजूला मान वळवेल. मान कायम एकाच बाजूला राहत असेल आणि दुसरीकडे वळवताना अडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

झोळीशिवाय झोपतच नाही. झोळी वाईट आहे का?

झोळीत बाळ पटकन झोपतं याचं कारण उघड आहे: अंगाभोवती कापड घट्ट आणि हेलकावा एकसारखा. अडचण कापडाच्या आकाराची आहे. साडीच्या झोळीत पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते आणि बाळाचा मऊ श्वासमार्ग मुडपतो. कापड तोंडावर आलं तर लहान बाळाला ते बाजूला करता येत नाही. चार महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी हा धोका जास्त. मोठ्या बाळांचं दुखणं वेगळं: ती उठून बसतात, पडतात, पीळ बसलेल्या कापडात अडकतात. रिकामी लोंबणारी झोळी घरातल्या चार-पाच वर्षांच्या भावंडालाही धोक्याची, गळ्याला फास बसू शकतो. वापर झाला की ती काढून ठेवा.

तरीही झोळी टांगायचीच असेल तर एवढं पाळा. दोन्ही दोऱ्यांच्या मधे आडवी काठी हवी म्हणजे कापड मिटत नाही. झोळी जमिनीपासून हातभरच उंच, खाली गादी. बाळाची हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं मावायला हवीत. जागं मोठं माणूस समोर हवं, आणि झोप लागली की बाळ उचलून सपाट जागी ठेवायचं. रात्रभर झोळीत नको.

सोडवायची असेल तर आधी रात्रीची झोळी सोडवा, कारण रात्री झोपेची निकड जास्त असते. पहिले तीन दिवस झोका द्या, पण डोळे जड झाले की थांबवा, झोप थांबलेल्या झोळीत लागू द्या. पुढचे तीन-चार दिवस डोळे जड होताच गादीवर ठेवा आणि छातीवर हात ठेवून थोपटा. त्यानंतर रात्री झोळी टांगूच नका; थेट गादीवर, थोपटत, तीच ओवी किंवा तेच गाणं गुणगुणत. थोपटण्याचा वेग पुढच्या आठवड्यात कमी करत न्या. दिवसाची झोळी यानंतर सोडवायची. दोन्ही एकदम सोडवायला गेलं की बाळ दिवसभर अपुऱ्या झोपेने किरकिरतं आणि तिसऱ्या दिवशी झोळी परत टांगली जाते.

लाकडी पाळण्याचं तसं नाही. तळ सपाट, गादी घट्ट आणि गजांमधली फट ६ सेंटिमीटरहून कमी असेल तर पाळणा चांगला. बारशाच्या झालरी, तोरणं आणि वर बांधलेला चिमण्यांचा झुंबर मात्र झोपेच्या वेळी काढा.

बाळ आमच्याच गादीवर झोपतं. वेगळी खोली करायला हवी का?

वेगळी खोली अजिबात नको. निदान सहा महिने बाळाने आईबाबांच्या खोलीतच झोपावं असा सल्ला परदेशातले डॉक्टरही देतात. त्यांचा आग्रह वेगळ्या बिछान्याचा आहे, आणि तो आपल्या दोन खोल्यांच्या घरातही जमतो: तुमच्या गादीला लागून हाताच्या अंतरावर बाळाची छोटी गादी. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्या घरात हे सगळ्यात सोपं, पडायचीही भीती नाही.

गादी तळव्याने दाबून सोडा. खळगा राहिला तर ती बाळासाठी मऊ आहे. कापूस पिंजून नुकतीच भरलेली किंवा सावरीच्या कापसाची गादी अशीच असते. काथ्याची गादी, किंवा जमिनीवर सपाट अंथरलेली, सुरकुती नसलेली घट्ट गोधडी चालते. गोधडी खाली ठीक, अंगावर नको. लोड, तक्के, मऊ खेळणी, जाडजूड रजई बाळापासून लांब.

पाजता पाजता आईला डुलकी लागते, हे धरूनच चाला. म्हणून रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. झोप लागण्याची ती सर्वात धोकादायक जागा आहे. त्यापेक्षा गादीवर पाजा आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. काही घरांत मात्र एका गादीवर मुळीच नको: दोघांपैकी कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा जन्मतः अडीच किलोच्या आतलं असेल. बाळाशेजारी मोठं भावंड झोपवू नका. पलंग भिंतीला लावला असेल तर फटीत बाळ अडकू शकतं.

आणि एक. दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधलेला काळा दोरा झोपताना काढून ठेवा. कमरेचा करदोटा सैल असेल तर राहू दे.

पंखा, एसी, कुंची: किती गुंडाळायचं?

आपण घालतो त्याहून फार तर एक थर जास्त. बाळाचे हातपाय गार असतातच, त्यावरून अंदाज घेऊ नका. मानेमागे आणि छातीवर हात लावून पाहा. तिथे घाम असेल तर कपडे काढा. डोक्यावाटे बाळाची बरीच उष्णता बाहेर पडते, म्हणून घरात झोपताना कुंची, टोपडं, मोजे नकोत. पहिल्या काही दिवसांतल्या किंवा कमी वजनाच्या बाळापुरता अपवाद, तोही डॉक्टर सांगतील तेवढाच.

पंखा चालू ठेवा. एसी असेल तर २४ ते २६ अंश, झोत थेट अंगावर नको. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात एकच सुती झबलं पुष्कळ झालं. कूलर लावताना खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि बाळ घामेजून उठतं.

दुपट्यात गुंडाळणं कधीपर्यंत?

बाळ वळायचा प्रयत्न करू लागेपर्यंत. काही बाळं तिसऱ्या महिन्यातच सुरू करतात. त्या दिवशी गुंडाळणं बंद. छातीपाशी दोन बोटं जातील इतकं सैल, आणि कमरेखाली पाय बेडकासारखे फाकून दुमडता येतील एवढी जागा. पाय सरळ ओढून घट्ट बांधल्याने खुब्याचा सांधा निखळू शकतो. ते बांधणं पाय सरळ होण्यासाठी म्हणून केलं जातं. नवजात बाळाचे पाय वाकडेच असतात आणि चालायला लागल्यावर आपोआप सरळ होत जातात.

चौथ्या महिन्यापर्यंत छान झोपायचं, आता दर दोन तासांनी उठतं. काय बिघडलं?

बिघडलं काही नाही. या सुमारास झोपेची घडण मोठ्यांसारखी होऊ लागते: हलकी, गाढ, पुन्हा हलकी. प्रत्येक फेरीच्या शेवटी आपणही अर्धवट जागे होतो, कूस बदलतो आणि विसरून जातो. बाळ मात्र त्या क्षणी आजूबाजूला पाहतं. खांद्यावर झोप लागली होती आणि आता गादीवर आहोत, स्तन तोंडात होता आणि आता नाही. मग ते रडतं. म्हणजे उठणं कायम राहणार. बदलता येते ती परत झोपण्याची तऱ्हा, आणि ती ठरते रात्री पहिली झोप कशी लागली त्यावरून. म्हणून रात्री दोनच्या रडण्यावरचा इलाज रात्री साडेआठला करायचा असतो.

पाजल्याशिवाय झोपच येत नाही. ही सवय मोडायची कशी?

पहिले तीन-चार महिने मोडायची गरज नाही. पाजता पाजता झोपणं नैसर्गिक आहे आणि तुम्हाला त्याचा त्रास नसेल तर पुढेही बदलू नका. रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतंय आणि बाळ पाच-सहा महिन्यांचं झालंय, तर पाजणं आणि झोप यांच्यामध्ये थोडी जागा करा.

रोजचा क्रम ठरवा, २०-३० मिनिटांचा, आणि रोज तोच: अंग पुसणं, कपडे, मंद दिव्यात पाजणं, ढेकर, एक गाणं, गादी. पाजणं आधी आलं, शेवटी नाही. पाजताना चोखणं मंदावलं की करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून स्तन सोडवा. परत मागितलं तर द्या, मिनिटभराने पुन्हा सोडवा. पहिल्या रात्री हे सात-आठदा करावं लागेल. मग डोळे जड पण उघडे असताना गादीवर ठेवा, कुशीत घेतल्यासारखा हात ठेवून थोपटा. रडलं तर उचला, शांत झालं की झोप लागण्याआधी परत ठेवा.

आठवड्याभरात फरक दिसतो, पूर्ण घडी बसायला दोन-तीन आठवडे. झोपवायला बाबा किंवा आजी बसली तर बहुतेकदा लवकर जमतं, कारण त्यांच्याजवळ दुधाचा वास नसतो. फक्त घरातल्या सगळ्यांची पद्धत एक हवी. आई थोपटते, आजोबा फिरवतात, मावशी मोबाईलवर गाणी लावते, असं झालं की बाळ रोज कशाची वाट पाहायची तेच शिकत नाही.

‘रडू द्या, आपोआप झोपेल’ हे खरं का?

सहा महिन्यांच्या आत हा मार्ग नकोच. त्यानंतर ठराविक अंतराने जाऊन धीर देण्याची पद्धत (दोन मिनिटं, मग चार, मग सहा) अनेक देशांत वापरतात. ऑस्ट्रेलियात अशा पद्धती शिकवलेल्या कुटुंबांचा मुलं सहा वर्षांची होईपर्यंत मागोवा घेतला गेला. मुलांच्या भावनिक आरोग्यावर किंवा आईशी नात्यावर वाईट परिणाम आढळला नाही, पण लांबचा विशेष फायदाही दिसला नाही. म्हणजे ती घातक नाही आणि आवश्यकही नाही. एकत्र कुटुंबात, पातळ भिंतींच्या चाळीत किंवा फ्लॅटमध्ये ती टिकतही नाही. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी बाळ उचलतंच, आणि मग जास्त रडलं की उचलतात एवढंच बाळ शिकतं. अर्धवट करण्यापेक्षा वरची थोपटण्याची पद्धत बरी.

रात्रीचं दूध कधी बंद होतं?

सहा महिन्यांनंतर रात्री एक-दोनदा पिणं सामान्य आहे, अंगावर पिणाऱ्या बाळांत वर्षापर्यंतही. कमी करायचं असेल आणि वजन नीट वाढत असेल, तर अंगावरचं दूध दर दुसऱ्या रात्री दोन-तीन मिनिटांनी कमी करा. बाटली असेल तर दर दुसऱ्या रात्री २० ते ३० मिलिलिटरने. पावडरीच्या दुधात पाणी वाढवून ते पातळ करू नका, बाळाच्या रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. बाटली तोंडात ठेवून झोपवणंही नको. दात आल्यावर वरचे पुढचे दात किडतात.

झोपताना नाचणीची पेज किंवा पावडरचं दूध दिलं तर रात्रभर झोपेल?

नाही. सहा महिने, म्हणजे १८० दिवस, पुरे होण्याआधी वरचं काही नको, पाणीही नको. त्यानंतर नाचणी सत्त्व, मऊ भात-वरण जरूर द्या, पण पोषणासाठी. जड जेवण दिलं तर वायू होऊन बाळ उलट उठतं. शेवटचं खाणं झोपेच्या तासभर आधी संपवा.

बाळगुटी, जायफळ, ग्राइप वॉटर?

यातलं काहीही झोपेसाठी देऊ नका. जायफळ उगाळून दिल्यावर बाळ झोपतं ती गुंगी असते, आणि चिमूटभर आणि विषारी मात्रा यांतलं अंतर इतक्या लहान शरीरात फार थोडं. काही भागांत अजूनही अफूचा कण चाटवतात. त्याने श्वास थांबू शकतो. वर्षाच्या आत मध चाटवल्याने बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार) होऊ शकतो, म्हणून मधातली गुटीही नको. सहाणेवर उगाळताना जंतू जातात ते वेगळंच.

झोप यावी म्हणून सर्दीचं औषध पाजणं हा शहरातला प्रकार. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना बाटलीवर छापायला भारताच्या औषध नियामकाने २०२३ साली सांगितलं आहे.

धुरी आणि डासांची उदबत्ती?

दोन्ही धूरच. ओवा-वावडिंगाच्या धुरीने खोली छान वासते, पण बाळाच्या श्वासनलिका आकसतात आणि नाक चोंदतं; चोंदलेल्या नाकाचं बाळ झोपणार कसं? डासांसाठी मच्छरदाणी. चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली, तोंडावर न लोंबणारी.

घरात सगळे अकराला झोपतात, बाळही अकरालाच. लवकर कसं झोपवायचं?

१७ देशांतल्या लहान मुलांच्या झोपेच्या एका पाहणीत न्यूझीलंडची मुलं सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत होती आणि हाँगकाँगची सव्वादहानंतर. त्यामुळे एकच बरोबर वेळ असं काही नाही. बाळ साडेदहाला झोपून आठला उठतं आणि तुम्हाला ते सोयीचं आहे, तर चालू द्या. साडेदहाला झोपून सहाला उठवावं लागत असेल तर अडचण.

सात वाजता अचानक झोपवू नका, दोन तास रडारड होईल. सध्या ज्या वेळी खरी झोप लागते तिथून सुरुवात करा आणि दर दोन-तीन रात्रींनी १५ मिनिटं अलीकडे या. सकाळची उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की. शेवटची दिवसाची झोप पाच-साडेपाचला संपवा. कामावरून आठला परतणाऱ्या बाबांनी उचलून उडवण्याचा खेळ सकाळी ठेवावा. रात्री झोपवण्याचं काम त्यांनी घेतलं तर दोघांनाही वेळ मिळतो. टीव्ही त्या तासाभरात बंद. एक वर्षाच्या आत कोणताच स्क्रीन नको, हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१९ च्या सूचनांत आहे.

दिवसा अर्ध्या तासात उठतं.

पाच-सहा महिन्यांपर्यंत हे चालायचंच. जागं राहण्याची मुदत पाहा. ठोकताळा असा: नवजात पाऊण ते एक तास, तीन-चार महिने दीड ते दोन, सहा महिने दोन ते अडीच, दहा महिने तीन ते साडेतीन तास. मोबाईल ॲपमधले मिनिटांचे तक्ते फारसे मनावर घेऊ नका; नजर हरवणं, डोळे चोळणं, कान ओढणं ही खूण जास्त खरी. मुदत उलटून गेली की बाळ थकूनही झोपत नाही, पाठ ताणतं, किंचाळतं. झोपांची संख्या सहा महिन्यांना तीन, आठ-नऊ महिन्यांना दोन आणि १५ ते १८ महिन्यांच्या दरम्यान एक होते.

रजा संपतेय, कामावर जायचंय. काय तयारी?

मातृत्व रजा २६ आठवड्यांची, म्हणजे ती संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं. बदल रुजू होण्याच्या तीन आठवडे आधी सुरू करा. दिवसाची झोप पुढे जी व्यक्ती सांभाळणार, तीच आत्तापासून झोपवू लागू दे, तुम्ही घरात असतानाच. रुजू झाल्यावर काही बाळं दिवसा कमी पितात आणि रात्री भरपाई करतात. आल्याबरोबर आणि झोपण्याआधी असं दोनदा नीट पाजलं की रात्रीचा भार थोडा हलका होतो. आठव्या-नवव्या महिन्यात आई दिसली नाही की रडणं वाढतं, त्या सुमारास पाळणाघर बदलणं शक्यतो टाळा.

दात येताना किंवा गावी गेल्यावर बसवलेली घडी मोडते.

मोडते. दाताचा त्रास एका दाताला चार-पाच दिवसांचा. महिनाभर रात्री उठत असेल तर कारण दुसरं शोधा. आजारात हवं तेवढं उचला, पाजा. बरं वाटल्यावर दोन दिवसांनी जुना क्रम पुन्हा. गावी जाताना बाळाचं पांघरलेलं-न धुतलेलं दुपटं अंथरायला न्या, आणि झोपवण्याचा क्रम तोच ठेवा, वेळ थोडी हलली तरी चालेल.

डॉक्टरांकडे कधी?

लगेच, थांबून न पाहता: तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, पाजायला उठवूनही न उठणं, ओठ निळसर होणं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, श्वास मधेच थांबल्यासारखा वाटणं. गाडी नसेल तर १०८.

एक-दोन दिवसांत: सर्दी नसताना रोज घोरणं, पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा शू, वजन न वाढणं, झोपेत सारखे पाय झाडणं आणि सोबत फिकेपणा. शेवटच्या लक्षणांमागे लोहाची कमतरता असू शकते. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं सिरप आशाताई किंवा अंगणवाडीतून मिळतं, ते चुकवू नका.

बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास किंवा रडवेलं वाटत असेल, तर तेही आजारपण आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, रात्रीही.